अक्तोशचा रुमाल

आक-तेरेक, १२ ऑक्टोबर १९९९

पेरीझात पोरी,

तू आणि कुबात सुखरूप पोचलात, हे मला बसवाल्याकडून कळलं. तुझ्याकडून अजून एक ओळ नाही. टेलिफोनची वाट बघू नकोस, गावाची तारच कोणीतरी खांबावरून उतरवून तांब्याच्या भावानं विकली. आता पोस्टातली बाई हाच आपला टेलिफोन.

मी बरी आहे. बटाटे निघाले, गाय दूध देते, गुडघा थंडीत कुरकुरतो तेवढाच. घाईनं परत यायचा विचार मुळीच करू नकोस. इथे काम नाही, तिथे आहे. दोन वर्षं म्हणून गेलात तर दोन वर्षं पुरी करा.

तक्रार आहे ती तुझ्या लाडक्याची. तुझी बस वळणाआड गेली आणि अक्तोश थांब्यावर बसला तो बसलाच. तीन दिवस. चौथ्या दिवशी बर्फ पडायला लागला तेव्हा मी त्याला कानाला धरून घरी आणला. अंगणात बांधला तर असा विव्हळायला लागला की सैराकान कुंपणावरून ओरडली, "अगं उलकान, घरात कोण गेलं गं?" असं विचारतात का? माणसं जिवंत असताना?

तिचं तोंड बंद करायला म्हणून कुत्रा घरात घेतला. हो, घरात. तुझे बाबा असते तर त्यांनी कुत्र्याआधी मला बाहेर काढलं असतं. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत म्हणतात. पण तू गेल्यापासून या घरात तसंही कोण येतंय?

त्याचे पांग त्यानं कसे फेडले ऐक. तुझी शाळेतली बुटकी खुर्ची, बाबांनी केलेली, तिचा एक पाय कुरतडून टाकला. बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले, त्यांच्या हातचं लाकूड घरात मोजकंच उरलंय. मी लाटणं घेऊन मागे लागले तर साहेब शेपूट हलवतात. काय करू याचं? तूच त्याला कोटात घालून आणलं होतंस, तूच सांग.

तुझी आई

येकातेरिनबुर्ग, ९ नोव्हेंबर

आई,

पत्र वाचून मी हसत होते आणि कुबात विचारत होता की रडतेस का. दोन्ही थोडं थोडं.

मला काम मिळालंय. अंतोनिना पाव्लोव्हना नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांचा खुबा मोडलाय, त्यांना उठवायचं, बसवायचं, जेवू घालायचं. कुबात बांधकामावर जातो. आणि आई, नशीब बघ, या बाई तीस वर्षं सीमेवरच्या ठाण्यात फौजेचे कुत्रे शिकवत होत्या! भिंतीवर नवऱ्याचा एक फोटो आहे आणि कुत्र्यांचे अकरा.

मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, लाटणं खाली ठेव." मोडतोड करून झाल्यावर ओरडायचं नाही, कुत्र्याला ते कशाबद्दल हे कळतच नाही. सकाळी त्याला दमेपर्यंत फिरवायचं. त्याला त्याचं स्वतःचं एक मोठं हाड द्यायचं. लाकडाला तिखटाचं पाणी लावायचं. आणि तोंडात नको ती वस्तू दिसली की शांतपणे "सोड" म्हणायचं, सोडली की लगेच काहीतरी चांगलं खायला द्यायचं. ओढाओढी करायची नाही.

मला इथं जिन्यावरून उतरताना रोज वाटतं की खाली अक्तोश उभा असेल. आणि त्याच्यामागं तू, लाटणं घेऊन.

पेरीझात

आक-तेरेक, २ डिसेंबर

पेरीझात,

तुझ्या अंतोनिनाबाईंना माझा सलाम सांग आणि म्हणावं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. आपल्याचं तर जन्मतःच गोल वळलेलं आहे.

तरी सगळं केलं. तिखट लावलं. त्यानं टेबलाचा पाय चाटला, सात वेळा शिंकला आणि दुसऱ्या वस्तूकडे गेला. मग सैराकान चहाला आली, टेबलावर हात टेकले, तेच हात डोळ्यांना लावले. ती आठ दिवस बोलत नव्हती. हा फायदा मात्र मान्य केला पाहिजे.

हाडाचं म्हणशील तर मी चकितच झाले. आपल्याकडे मेंढीचं कुठलं हाड कुणाच्या पुढ्यात ठेवायचं यावरून सोयरिका मोडल्यात, आणि मी बसून कुत्र्याला मांडीचं हाड वाढते! पण दिलं. खाल्लं त्यानं.

"सोड" मात्र शिकला. तुझी मोजडी तोंडात होती, मी शांतपणे म्हटलं, दातओठ खाऊन पण शांतपणे, "सोड." सोडली. मी कुरुतचा, आपल्या त्या आंबट सुक्या दह्याचा, एक खडा दिला. आता काय झालंय माहीत आहे? त्याला कुरुत हवं असलं की तो घरभर हिंडून काहीतरी शोधून आणतो, माझ्यासमोर उभा राहतो आणि वाट बघतो, मी कधी "सोड" म्हणते याची. मी त्याला शिकवतेय की तो मला, ते त्या बाईंना विचार.

नुकसानीची यादी : तुझी खुर्ची (दुसरा पाय). तुझ्या दोन्ही मोजड्या. शिवणयंत्राचं लाकडी झाकण. संदुकीचा तो कोपरा, जिथं बसून तू वेणी घालायचीस. माझ्या वस्तूंना तोंड लावत नाही, मला टरकून असतो.

परवा तुझ्या सासूबाई बाजारात भेटल्या. "पाच वर्षं झाली, तुमच्या घरचा पाळणा अजून धूळच खातोय का?" म्हणाल्या. मी म्हटलं, धूळ कशी खाईल, मी रोज पुसते. तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांनी तो बनवला तो वाया जायला नाही.

आई

येकातेरिनबुर्ग, ४ जानेवारी २०००

आई,

नवं वर्ष सुखाचं जावो. अंतोनिना पाव्लोव्हनांना तुझं पत्र वाचून दाखवताना सैराकान काकूंपाशी थांबावं लागलं, हसून त्यांचा खुबा दुखायला लागला. पण यादी ऐकल्यावर त्यांनी हात वर केला. "पुन्हा वाच," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मुली, तुला दिसत नाही का? खुर्ची कुणाची? मोजड्या कुणाच्या? यंत्र कोण चालवायचं?"

आई, तो तुला घाबरत नाही. तो फक्त माझ्या वस्तू चावतोय. त्या म्हणतात, जवानाची बदली झाली की मागं राहिलेला कुत्रा असाच त्याची खाट, त्याचा पट्टा कुरतडायचा. राग म्हणून नाही. चावलं की वास जास्त येतो म्हणून.

ते ऐकून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

यावर त्यांचा उपाय एकच. ज्याची आठवण येते त्याचं अंगावरचं, न धुतलेलं कापड त्याच्या अंथरुणात ठेवायचं, आणि ते फक्त त्याचंच. म्हणून हा रुमाल पाठवते. पंधरा दिवस डोक्याला बांधून झोपलेसुद्धा. कुबात म्हणाला, आता तो उभा करून ठेवला तर उभा राहील. तू हसू नकोस आणि मुख्य म्हणजे धुऊ नकोस! तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पेरीझात

आक-तेरेक, १ फेब्रुवारी

पेरीझात,

रुमाल पोचला. निळा, कडेला पांढरी फुलं. एका कोपऱ्याला सुईचं काम उसवलंय, तिथं तू दातांनी दोरा तोडलास ना? तोंडात काही धरायची सवय तुझीही जुनीच. आत तुझा एक लांब केस गुंडाळलेला निघाला. पुढची काही बटं पांढरी व्हायला लागलीत का गं? एवढ्यात?

तू सांगितलंस तसं अक्तोशच्या अंथरुणात घातला. काही फरक नाही. हुंगला, वर्तुळ घेतलं आणि गेला. काल शिवणयंत्राचं पायडलही धरलं होतं, लाकडी पट्टी सोलून काढली. मला वाटतं, त्या बाईंचे कुत्रे सरकारी शिधा खाणारे, शिस्तीतले. आपला रानटी.

थंडी फार आहे. चुलीत शेणी घातल्या तरी पाठ गार. तुम्ही मात्र परतायची घाई करू नका.

आई

येकातेरिनबुर्ग, २५ फेब्रुवारी

आई,

अंतोनिना पाव्लोव्हना मानायलाच तयार नाहीत. "तीस वर्षांत एकदाही असं झालं नाही. एक तर तो कुत्रा तो कुत्रा नाही, नाहीतर तो रुमाल तो रुमाल नाही." मी म्हटलं, रुमाल तोच आहे, माझी आई खोटं बोलत नाही. तर म्हणाल्या, मग कुत्रा आजारी असेल, वासच येत नसेल. नाकाला हात लावून बघशील का? गरम लागतं का?

आणि आई, एक सहज विचारते. बाबांचा पाळणा नीट आहे ना? संदुकीवरच, कापड घालून? निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला माझ्या हातांनी तेल चोळलं होतं, दांडीला तर दोनदा. वरचं कापडही माझ्याच हातचं. अक्तोश तिकडे जाणार नाही असं बघ. विशेष काही नाही. सहजच आठवलं.

इथं बर्फ अजून काळा होऊन रस्त्याकडेला पडलाय. मला तुझे गरम तळलेले बोरसोक खावेसे वाटतात. गेले काही दिवस फारच वाटतात.

पेरीझात

आक-तेरेक, २२ मार्च

पेरीझात,

काल नोरूझचा सण झाला. गव्हाची खीर केली, शेजारी वाटली. सगळं ठीक आहे.

अक्तोशला उद्या देऊन टाकते. जुमाकादिर मेंढपाळ बाजाराला आलाय, त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. वरच्या डोंगरात मेंढरांमागे पळेल, दगड चावेल. घर हे कुत्र्याचं ठिकाणच नव्हे, माझंच चुकलं.

कारण विचारू नकोस. पाळण्याबद्दलही आता विचारत बसू नकोस.

आई

येकातेरिनबुर्ग, १४ एप्रिल

आई,

देऊ नकोस! पत्र मिळेपर्यंत दिला असशील, मला माहीत आहे, तरी लिहिते. देऊ नकोस.

तू सहा ओळींचं पत्र कधीच लिहिलं नाहीस. बाबा गेले तेव्हासुद्धा तू नातेवाइकांना चार पानं लिहिली होतीस, त्यात गाय व्याल्याचंही होतं. काय झालंय? पाळण्याला काही झालं का? खरं सांग. मला ते कळायलाच हवं, आणि का, ते आता मीच सांगते.

आई, मला सातवा महिना चालू आहे.

शिव्या घाल, ऐकून घेते. मागे दोनदा मी घाईघाईनं सांगितलं. दोनदा तू पाळण्यावरचं कापड काढून झटकलंस आणि दोनदा न बोलता परत घातलंस. तुझी ती पाठ मला अजून दिसते. म्हणून या वेळी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, तुलाही नाही. पोट दिसायला लागल्यावर अंतोनिना पाव्लोव्हनांनी स्वतःच ओळखलं. आता त्या मला उठवतात आणि मी त्यांना, असं आमचं चाललंय. डॉक्टर म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे. जूनमध्ये.

तो रुमाल मी बांधला होता तेव्हा आम्ही दोघं होतो त्यात. तुला सांगायचं फार मनात होतं, जीभ उचलली नाही.

पहिल्या नातवाला पाळणा आईच्या माहेरून येतो. मी डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं, तू बाबांचा पाळणा घेऊन दारात उभी आहेस. आता सांग काय झालंय ते.

पेरीझात

आक-तेरेक, ८ मे

माझ्या सोन्या,

तुझं पत्र पोस्टातच उभ्यानं वाचलं. तिथंच बसकण मारली. पोस्टातल्या बाईनं पाणी आणलं, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, अगं बाई, कोणी येतंय.

तुला शिव्या घालायचा अधिकार मला नाही. का, ते वाच. मन घट्ट कर, पण घाबरू नकोस.

पाळणा अक्तोशनं चावलाय. नोरूझच्या आधी पाच दिवस. मी पिठाच्या गिरणीत गेले होते. आले तर तो संदुकीखाली होता, तुझ्या हातचं कापड ओढून पाळणा खाली पाडलेला, आणि वरची दांडी, जी आईनं पोराला पाजताना छातीशी धरायची ती, दोन्ही टोकांना कुरतडलेली. पाळणा डुलत होता, पेरीझात. रिकामा. रिकामा पाळणा हलवू नये हे मी तुला चालायला लागायच्या आधी शिकवलं होतं, आणि माझ्याच घरात कुत्र्यानं तो हलवला. मला वाटलं, संपलं. आता या पाळण्यात कधी कोणी निजणार नाही. तुझ्या पत्रात तू त्याचीच चौकशी केली होतीस, मला वाटलं, पोरगी आशा सोडत नाहीये, तिला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून कुत्रा दिला आणि तुला सहा ओळी लिहिल्या.

आता दुसरं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

अंतोनिनाबाईंना सांग, त्या बरोबर होत्या. रुमाल तो नव्हता.

तुझा रुमाल आला त्या दिवशी मी तो अक्तोशला द्यायलाच उघडला होता. खरंच. पण आधी एकदा नाकाशी धरला. सकाळच्या वेळी तुझी वेणी घालायला बसायचे तेव्हा मानेपाशी यायचा तो वास, तसाच. मग मी म्हटलं, आजचा दिवस माझ्याकडे राहू दे, उद्या देते. उद्याही म्हटलं, उद्या देते. शेवटी माझ्या जुन्या निळ्या रुमालाची घडी करून त्याच्या अंथरुणात टाकली आणि तुझा माझ्या उशीखाली ठेवला. तो बिचारा हुंगून निघून गेला, तर मी तुला लिहिलं, फरक नाही. वर चोराच्या उलट्या बोंबा, कुत्राच रानटी म्हणून.

तू त्याच्यासाठी पाठवलेलं मी चोरलं. त्याला तुझा वास घरात कुठेच मिळेना, म्हणून तो शोधत शोधत पाळण्यापर्यंत पोचला. तुझ्या हातचं तेल होतं ना त्याला. म्हणजे बाबांचा पाळणा त्यानं नाही, मी चावला. "माझी आई खोटं बोलत नाही" असं तू लिहिलं होतंस. ते पान मी दुमडून ठेवलंय.

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी जुमाकादिरकडे गेले. अर्धी वाट ट्रकनं, अर्धी त्याच्या भावाच्या घोड्यावर, या गुडघ्यानं. मला बघून जुमाकादिर म्हणाला, "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात हा सगळं चावतो. हा काहीच चावत नाही. भाकरीसुद्धा नाही." अक्तोश खुंट्याशी पडला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात. मी हाक मारली, कान हलवला, उठला नाही. मग मी रुमाल काढला. त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "घे बाबा, तुझा तुला. चुकलं माझं." त्यानं नाक खुपसलं आणि असा श्वास घेतला की मला माझ्या पोटात ऐकू आला. मग उठला.

आता तो रुमालावर झोपतो. आठ दिवस झाले, एका लाकडाला दात लावलेला नाही. रुमालालाही नाही. मी कधीमधी त्याच्या शेजारी खाली बसते आणि एक कोपरा मागून घेते. तो देतो. "सोड" म्हणावं लागत नाही.

पाळणा मी बाबांच्या कानशीनं आणि काचकागदानं घासतेय. सुतार म्हणतो, दांडी नवी टाका. मी नको म्हटलं, बाबांची आहे. आर्चाच्या फांद्यांची धुरी दिली, घरभर फिरवली, अक्तोशलाही दिली. तू काही जड उचलू नकोस. अंतोनिनाबाईंना म्हणावं, एक महिना नवऱ्याच्या फोटोपाशी बसून राहा.

मला माफ कर. किंवा करू नकोस, पण पत्र लिही.

आई

येकातेरिनबुर्ग, १ ऑगस्ट

आई,

तार मिळाली असेलच, आता सविस्तर. मुलगी. वीस जूनला, पहाटे. साडेतीन किलो. नाव बेरमेत. नाक बाबांचं आहे, अगदी बाबांचं, बिचारी. भूक लागली की तोंडाशी येईल ते धरते, तेव्हा कुबात म्हणतो, हिला शिकवायला पण तुझ्या अंतोनिनालाच सांग.

तुझं मेचं पत्र मी दवाखान्यात सोबत नेलं होतं. मी इतके दिवस लिहिलं नाही ते रागानं नव्हे. मी लिहायला बसले की "आई" एवढंच लिहून व्हायचं. अंतोनिना पाव्लोव्हनांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन रुमाल पाठवायला हवे होते. चूक माझी. मी फक्त कुत्र्याचा विचार केला."

दांडी बदलू नकोस. दातांच्या खुणा पूर्ण घासूनही टाकू नकोस. बेरमेतला मी सांगेन कुणाचे दात ते.

आई, परवा तिचे चाळीस दिवस पूर्ण झाले. चाळीस चमच्यांनी पाणी घालून मी एकटीनंच न्हाऊ घातलं, चमचे मोजायला कोणी नव्हतं, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुबात कामावर होता. तिचं पहिलं अंगडं, चाळीस दिवस घातलेलं, या पाकिटात आहे. ते कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं असतं, आणि इथं माझ्या ओळखीचे अकरा कुत्रे, सगळे भिंतीवर. मग म्हटलं, रस्त्यावरचा कुठला तरी कशाला? घरचा असताना? अक्तोशच्या गळ्यात बांध. त्यात खाऊच्या गोळ्या बांध, गावातली पोरं मागे पळू देत. तो चिवट आहे, तशी ही चिवट होऊ दे.

अंगडं धुतलेलं नाही.

परत यायचं ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी, शरद ऋतूत. तू म्हणतेस तशी दोन वर्षं पुरी करूनच. तोवर ती चालायला लागेल, पाळण्यात मावणार नाही, एवढंच वाईट वाटतं.

पेरीझात

आक-तेरेक, २८ ऑगस्ट

पेरीझात,

अंगडं मिळालं. या वेळी मी आधी अक्तोशला दिलं. मग स्वतः घेतलं. दूध, आणि थोडी तू. मग पुन्हा त्याला दिलं. असं बराच वेळ चाललं होतं.

काल विधी केला. सैराकानला बोलावलं, तुझ्या सासूबाईंनाही निरोप धाडला. त्या आल्या, अंगडं डोळ्यांना लावलं, आणि गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी वाकडं बोलल्या नाहीत. गोळ्या बांधल्या, अक्तोशच्या गळ्यात गाठ मारली, पोरं फाटकाशी ओरडत उभी. मला धास्ती होती की हा अंगड्याच्या चिंध्या करेल. त्याचं नाव काय आहे गावात तुला माहीत आहे.

फाटक उघडलं. कुत्रा अंगणाभोवती पळतो, गल्लीत शिरतो, पोरं त्याला घेरतात, अशी आपली पद्धत. हा वळलाच नाही. सरळ रस्त्याला लागला. पोरं मागे, पोरांमागे सैराकान, सैराकानमागे आम्ही दोघी विहिणी, धापा टाकत. मला वाटलं, गेला हा परत डोंगरात. तर तो बसथांब्यावर जाऊन बसला होता. त्याच जागी. रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून.

पोरांनी गोळ्या काढून घेतल्या, त्यानं काढू दिल्या. अंगडं कोणी ओढलं की मात्र गुरगुरायचा. मी कुरुत पुढे केलं, म्हटलं, "सोड." गेल्या हिवाळ्यापासून एकदाही माझा शब्द मोडला नव्हता त्यानं. काल मोडला. कुरुतकडे बघितलंसुद्धा नाही. पोरं गेली, विहीणबाई गेल्या, सैराकान म्हणाली, "चल उलकान, भूक लागली की येईल." मी म्हटलं, तू हो पुढे.

आणि मी त्याच्याशेजारी दगडावर बसले. संध्याकाळची बस येईपर्यंत. बस आली, थांबली, दोन माणसं आणि एक पिठाचं पोतं उतरलं, बस गेली. तो उठला. मीही उठले. घरी आलो.

पोरी, गेलं वर्षभर मी तुला लिहितेय, अक्तोश विव्हळतो, अक्तोश वाट बघतो, अक्तोशला चैन पडत नाही. त्यातला अक्तोश किती आणि मी किती, हे त्या रुमालावरून तू ओळखलंच असशील. आणि दर पत्रात लिहिते, घाई करू नका. ते खोटं आहे. तुझी आई खोटं बोलते, रुमालापुरतंच नाही.

पाळणा खिडकीपाशी ठेवलाय. दांडीवर दातांच्या चार खुणा ठेवल्यात, बोट फिरवलं तर लागतात, पण टोचत नाहीत. गादी नवी भरली. मुलगी फार तर अजून सहा महिने त्यात मावेल. बाबांनी तो एका नातवंडाला निजवायला केला होता, खिडकीत ठेवायला नाही. कुबातला वर्ष पुरं करायचं असेल तर करू दे, तो मोठा आहे, भात शिजवता येतो त्याला. अंतोनिनाबाईंना एकटं टाकवत नसेल तर त्यांनाही घेऊन ये. संदुकीपाशी जागा आहे आणि अक्तोशला विचारणारं कोणीतरी हवंच आहे.

रुमालाला आता वास राहिलेला नाही. तो तरीही त्यावरच झोपतो. नवीन पाठवू नकोस. तूच ये.

आई